देवगिरीचा प्रस्तार

देवगिरी म्हटले की किल्ला आठवतो, त्यातली अंधारी आठवते आणि रामदेवरायाचा पाडाव आठवतो. त्या पाडावाच्या अर्धशतकाआधी, सिंघण यादवाच्या कारकिर्दीत, राज्याचा जमाखर्च सांभाळणारा एक अधिकारी इथे राहत होता. नाव शार्ङ्गदेव. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत उतरले, वडील सोढल यादवांच्या पदरी राहिले. शार्ङ्गदेव स्वतःला ‘निःशंक’ म्हणवून घेत असे. त्याला वैद्यकाचीही जाण होती. आणि फावल्या वेळात म्हणा किंवा त्याचे खरे काम तेच म्हणा, त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. हिंदुस्तानी आणि कर्नाटक ही दोन्ही संगीते आपली वंशावळ सांगू लागली की या ग्रंथाचे नाव घेतात.

रागांचा अभ्यास करणारे त्यातला रागविवेक वाचतात, तबला-पखवाजवाले तालाध्यायाकडे वळतात, नाचणारे शेवटच्या नर्तनाध्यायाकडे. मला मात्र पहिल्या स्वरगताध्यायातली थोडीशी पाने महत्त्वाची वाटतात. मूर्च्छना (सात स्वरांचे क्रमाने आरोह-अवरोह) आणि तानांच्या त्या प्रकरणात मोजके श्लोक आहेत आणि आकड्यांचा एक तक्ता आहे. तिथे गवई बाजूला सरतो आणि हिशेबनीस पुढे येतो.

प्रश्न साधा आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच घ्यायचा, तर किती ताना होतात? उत्तर ५०४०. सहा स्वरांच्या ७२०, पाचांच्या १२०, चारांच्या २४, तिनांच्या ६, दोनांच्या २, एकाची १. यांना त्याने नावेही दिली आहेत: सातांची पूर्ण, सहांची षाडव, पाचांची औडुव, चारांची स्वरांतर, तिनांची सामिक, दोनांची गाथिक, एकाची आर्चिक. मूर्च्छनांचे ५६ भेद धरून त्याने पूर्ण तानांचा आकडा २,८२,२४० पर्यंत नेला आहे. एवढ्यावर थांबला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. मोजणी झाली, हिशेब जुळला.

पण शार्ङ्गदेवाने पुढचा प्रश्न विचारला. या ५०४० ताना लिहायच्या कोणत्या क्रमाने? क्रम ठरवला, तर तीन हजाराव्या ओळीवर कोणती तान असेल, हे आधीच्या २९९९ न लिहिता सांगता येईल का? आणि कोणी एक तान गाऊन दाखवली, तर ती कितवी, हे सांगता येईल का?

हे तीन प्रश्न आजच्या कोणत्याही प्रोग्रामरच्या ओळखीचे आहेत. संगणकाच्या भाषेबरोबर तयार कामांची एक स्टँडर्ड लायब्ररी येते आणि तिच्यात इटरेटर नावाची वस्तू असते. इटरेटर म्हणजे यादीवर ठेवलेले बोट. ‘पुढचे दे’ म्हटले की बोट एक घर सरकते आणि तिथली वस्तू हाती येते. यादी सगळीच्या सगळी लिहिलेली असलीच पाहिजे असे नाही; पुढची ओळ आत्ताच्या ओळीवरून तयार करता आली की पुरे. अशा वस्तूबरोबर कागदपत्र द्यावे लागते. ती कोणत्या क्रमाने देईल, कुठून सुरू होईल, संपल्यावर काय करील, सारख्या वस्तू आल्या तर त्यांना एक धरील की दोन, मध्येच कोणी यादी बदलली तर काय होईल, हे सगळे त्यात लिहावे लागते. हे कागदपत्र लिहिणे कंटाळवाणे समजले जाते. पण वापरणाऱ्याचा सगळा भरवसा त्याच्यावरच असतो. शार्ङ्गदेवाने जी चार-दोन पाने लिहिली ती या जातीची आहेत.

त्याचा नियम दोन श्लोकांच्या आत बसतो. पहिल्या ओळीत स्वर मूळ क्रमाने मांडायचे. मग डावीकडून बघत जायचे आणि ज्याच्या खाली मूळ क्रमातला त्याच्याआधीचा स्वर ठेवता येईल अशी पहिली जागा शोधायची. आधीचा स्वर वरच्या ओळीत त्या जागेच्या उजवीकडे असेल तर तो चालत नाही. मग त्याच्याही आधीचा घ्यायचा. तो ठेवला की उजवीकडे वरच्या ओळीतले स्वर जसेच्या तसे उतरवायचे. डावीकडे राहिलेल्या जागा उरलेल्या स्वरांनी मूळ क्रमाने भरायच्या. बस्स.

चार स्वरांवर करून बघू. ‘सा रे ग म’ ही पहिली ओळ. रे खाली सा बसतो, उजवीकडचे ग म तसेच, डावीकडे उरलेला रे: ‘रे सा ग म’. आता सा खाली ठेवायला कोणी नाही, ग खाली रे चालतो: ‘सा ग रे म’. पुढे ग खाली रे ठेवू म्हटले तर रे उजवीकडे आहेच, म्हणून सा: ‘ग सा रे म’. मग ‘रे ग सा म’, मग ‘ग रे सा म’. सहा ओळी झाल्या, तोवर म शेवटी ठाम बसला होता. सातव्या ओळीत तो पहिल्यांदा हलतो: ‘सा रे म ग’. असे करत चोविसावी ओळ ‘म ग रे सा’ येते आणि नियम आपोआप थांबतो, कारण आता कोणाच्याच डावीकडे त्याच्याआधीचा स्वर उरलेला नसतो. थांबण्याची अट वेगळी सांगावी लागत नाही, हे मला फार देखणे वाटते.

श्लोक मात्र इतके आवळून लिहिलेले आहेत की नुसते वाचून कोणालाही पहिल्या फटक्यात कळणार नाहीत. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने टीका लिहिल्या, ओळी मांडून दाखवल्या, तेव्हा कुठे वाट सोपी झाली. टीका हा प्रकार आपण पांडित्याच्या खात्यात टाकतो. निदान या प्रकरणापुरती ती उदाहरणांसह लिहिलेली वापरपुस्तिका आहे.

यानंतर येतो तो तक्ता, खंडमेरू. सात उभ्या रांगा, डावीकडून उजवीकडे एकेका घराने लांब होत जाणाऱ्या. वरच्या आडव्या ओळीत पहिल्या घरात १ आणि पुढे सगळीकडे शून्य. दुसऱ्या उभ्या रांगेत शून्याखाली १. तिसरीत २ आणि ४. चौथीत ६, १२, १८. पाचवीत २४, ४८, ७२, ९६. सहावीत १२० पासून ६०० पर्यंत, सातवीत ७२० पासून ४३२० पर्यंत. प्रत्येक रांगेतला तळाचा आकडा घेऊन बेरीज करा: १, १, ४, १८, ९६, ६०० आणि ४३२०, एकूण ५०४०. तक्ता स्वतःची शहानिशा स्वतःच करतो. जमाखर्चाच्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

आता तीन हजारावी तान काढू. पहिल्या घरातला १ आधीच धरलेला असतो, म्हणून २९९९ जुळवायचे. सातव्या रांगेत त्यात मावणारा सर्वात मोठा आकडा २८८०. तो शून्यापासून चार घरे खाली आहे. मूळ क्रमात नीपासून चार पावले मागे या: ध, प, म, ग. म्हणजे तानेचा शेवटचा स्वर ग. उरले ११९. सहाव्या रांगेत १२० मावत नाही, म्हणून शून्य; उरलेल्या स्वरांतला शेवटचा, नी. पाचवीत ९६, चार पावले मागे: सा. उरले २३. चौथीत १८, तीन पावले: रे. तिसरीत ४, दोन पावले: म. दुसरीत १, एक पाऊल: प. राहिला ध. तान झाली ‘ध प म रे सा नी ग’. उलट दिशेने, कोणी ही तान दिली तर तिच्या शेवटच्या स्वरापासून सुरुवात करून तक्त्यावर खडे ठेवत यायचे आणि खड्यांखालचे आकडे मिळवायचे: २८८०, ०, ९६, १८, ४, १, १. बेरीज ३०००. पहिल्या रीतीला नष्ट म्हणतात, दुसरीला उद्दिष्ट. जी ओळ हरवली ती क्रमांकावरून परत मिळवायची. जी ओळ दाखवली तिचा क्रमांक सांगायचा.

संख्येला १, २, ६, २४, १२० अशा पायऱ्यांत फोडण्याची ही पद्धत युरोपात गेओर्ग कँटर यांनी १८६९ मध्ये मांडली. शार्ङ्गदेवाला श्रेय मिळाले नाही म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. कँटर यांना संगीतरत्नाकर कोण वाचून दाखवणार होते? पण दोन्हीकडच्या गरजा वेगळ्या होत्या, हे ध्यानात घ्यावे. कँटर यांना संख्या लिहिण्याच्या पद्धतींचा विचार करायचा होता. देवगिरीला ओळ शोधायची होती.

प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट ही नावे शार्ङ्गदेवाची नव्हेत. ती पिंगलाच्या छंदःशास्त्रातून आली. लघू आणि गुरू अशा दोनच खुणा घेऊन वृत्तांचे सगळे आराखडे क्रमाने मांडायचे, हा तिथला प्रस्तार. तीन अक्षरांचा केला तर आठ ओळी होतात, आणि त्या आठ ओळी म्हणजेच आपण शाळेत घोकलेले गण: म, य, र, स, त, ज, भ, न. व्याकरणाच्या तासाला ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करताना हा क्रमाने उलगडणाऱ्या यादीचा तुकडा आहे, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर वृत्तांचा इतका धसका घेतला नसता.

छंदशास्त्राच्या परंपरेने अशा सहा रीती, म्हणजे प्रत्यय, मोजल्या, आणि सहाव्याचे मला विशेष कौतुक वाटते. त्याचे नाव अध्वा. प्रस्तार लिहायला जागा किती लागेल, याचा तो हिशेब आहे: प्रत्येक ओळीला एक अंगुळ, दोन ओळींमध्ये एक अंगुळ मोकळे. म्हणजे ओळींच्या दुपटीतून एक वजा. तीन अक्षरांना १५ अंगुळे, काहीच नाही. पण छंदांच्या नेहमीच्या वर्गांत सर्वात मोठा सव्वीस अक्षरांचा, त्याच्या ओळी ६,७१,०८,८६४. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर हा प्रस्तार अडीच हजार किलोमीटरहून लांब जाईल. ज्यांनी हा प्रत्यय लिहिला त्यांना यादी प्रत्यक्ष लिहायची नाही, हे पुरते ठाऊक होते. यादी मनात, नियम हातात. शार्ङ्गदेवाच्या ५०४० तानांना हाच हिशेब लावला तर सुमारे १९२ मीटर होतात; हे कोणी हट्टाने लिहूनही काढले असते. पण नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून एक ओळ गळली की पुढचे सगळे क्रमांक घसरले असते. नियमाचा श्लोक आणि तक्ता हाताशी असला की गळलेली ओळ जागेवर आणून बसवता येते.

सिंघणाच्या राज्यात या विद्येला दुसरीकडूनही पाणी मिळत होते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलून बदलून किती मूर्ती होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतली शंख, चक्र, गदा, पद्म ही? २४. आकडे सारखेच आले तर काय करायचे, हेही तिथे सांगितले आहे: ४, ८, ५, ५, ५ या आकड्यांपासून १२० नव्हे, २० वेगळ्या संख्या होतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला, आणि त्याला निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने दिलेल्या देणग्यांचा शिलालेख शके ११२८ चा आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. एकाच राजाच्या छत्राखाली पाटणला अंकपाश शिकवला जात होता आणि देवगिरीला तानांचा प्रस्तार लिहिला जात होता. या दोन ठिकाणांतली ये-जा कल्पनेने रंगवायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

लीलावती मोजते, ओळी कोणत्या क्रमाने लिहायच्या हे सांगत नाही. ते काम १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’ लिहिणाऱ्या नारायण पंडितांनी केले. त्यांनी अंकपाशाचे मोठे प्रकरण करून छंदाचे, तालाचे, तानांचे आणि अंकांचे प्रस्तार एका गणिती चौकटीत आणले. स्वर पुन्हा येत नाहीत, आकडे येतात; नारायणांचा नियम सारखे आकडे असले तरी चालतो आणि एकच ओळ दोनदा लिहीत नाही. डोनल्ड क्नुथ यांनी संगणकशास्त्रावरच्या आपल्या महाग्रंथात सगळे क्रमबदल शब्दकोशाच्या क्रमाने काढण्याच्या रीतीचा उगम सांगताना चौदाव्या शतकातल्या नारायण पंडितांकडे बोट दाखवले आहे.

क्रम ठरवताना कशाला मान द्यायचा हे जागेजागी वेगळे होते, आणि याचा उत्तम दाखला इंग्लंडच्या चर्चच्या घंटाघरात मिळतो. सतराव्या शतकात तिथे सात घंटा सगळ्या शक्य क्रमांनी वाजवण्याचे वेड लागले. फेबियन स्टेडमन यांचे त्यावरचे पुस्तक १६७७ मध्ये निघाले. सात घंटा म्हणजे पुन्हा ५०४०. नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी तो सगळा आवर्त वाजवला गेला. अशा वादनाला तीनेक तास लागतात. पण घंटा जड असते, झोके घेत असते, तिला एकदम तीन जागा पुढे ढकलता येत नाही. म्हणून त्यांच्या नियमात दर फेरीला कोणतीही घंटा फार तर शेजारच्या जागेवर जाते. देवगिरीच्या प्रस्तारात ‘ग रे सा म’ नंतर ‘सा रे म ग’ येते, म्हणजे चारपैकी तीन स्वर जागा सोडतात आणि ग तर पहिल्या जागेवरून थेट शेवटच्या जागेवर जातो. नॉर्विचच्या दोरीवाल्यांना हे जमले नसते. वस्तू त्याच ५०४०, फेरीचा करार निराळा.

आपल्याकडे हा करार गळ्यात उतरला तो मेरुखंडाच्या रूपाने. मुरादाबादकडून मुंबईत येऊन भेंडीबाजारात राहिलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू, पुढच्या पिढीतले अमान अली खाँ, नझीर खाँसाहेबांकडे शिकलेल्या अंजनीबाई मालपेकर: या घराण्याच्या गायकीत स्वरांच्या जोडण्या शिस्तीने उलटसुलट घोटण्याला मोठे स्थान राहिले. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालात मेरुखंड ऐकताना गणित ऐकतोय असे कोणाला वाटत नाही, हे त्यांचे यश. ग्रंथ मात्र पोथ्यांतच होता. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६ च्या सुमारास मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादलेला संगीतरत्नाकर कल्लिनाथाच्या टीकेसह छापला, तेव्हा खंडमेरूचा तक्ता महाराष्ट्रात प्रथमच छापील पानावर आला असावा.

इथून थेट अमेरिकेत उडी मारतो. मधला काळ या गोष्टीच्या दृष्टीने रिकामा नाही, पण माझ्या धाग्यात तो बसत नाही.

इटरेटर हा शब्द भाषेच्या रचनेत पक्का बसला तो १९७० च्या दशकाच्या मध्यात, एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू या भाषेत. वस्तूंचा साठा आतून कसा ठेवला आहे हे उघड न करता त्यातून एकेक वस्तू बाहेर देत राहायची, ही तिथली कल्पना. वीस वर्षांनी पालो आल्टोतल्या ह्यूलेट-पॅकर्डच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर स्टेपॅनोव्ह आणि मेंग ली यांनी सी प्लस प्लससाठी एसटीएल ही लायब्ररी बांधली, ती सगळी इटरेटरांवर उभी केली, आणि जुलै १९९४ मध्ये प्रमाणीकरण समितीने ती स्वीकारली. स्टेपॅनोव्ह यांनी इटरेटरांच्या पायऱ्या लावल्या: कोणी फक्त पुढे जातो, कोणी पुढेमागे जातो, कोणी कोणत्याही क्रमांकावर थेट उडी मारतो. आणि प्रत्येक कामाबरोबर लिहिले की त्याला कोणत्या पायरीचा इटरेटर लागतो आणि जास्तीत जास्त किती खटाटोप पडेल. वागणुकीबरोबर खर्चही कागदावर! अध्वा लिहिणाऱ्यांना हा माणूस आपल्यातला वाटला असता.

त्या लायब्ररीत ‘नेक्स्ट परम्युटेशन’ नावाचे एक काम आहे. ओळ द्यायची, ते तिच्या जागी पुढची ओळ करून ठेवते. रीत शार्ङ्गदेवाचीच, फक्त आरशात पाहिलेली: तो डावीकडून शोधतो, हे उजवीकडून, तो आधीचा स्वर आणतो, हे नंतरचा, तो डावी बाजू मूळ क्रमाला आणतो, हे उजवी. खटाटोपाची हद्द दिली आहे: अदलाबदली ओळीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नाहीत. सारख्या वस्तूंना ते सारखेच मानते, म्हणून भास्कराचार्यांचे ४, ८, ५, ५, ५ लहानापासून मोठ्या क्रमाने दिले तर बरोबर २० ओळी निघतात. आणि शेवटच्या ओळीनंतर? देवगिरीचा नियम तिथे थांबतो. हे काम ओळ पुन्हा पहिल्या क्रमाला आणते आणि ‘संपले’ अशी खूण परत देते. ती खूण न पाहता फिरत राहणारा नवशिका कायमचा चक्रात अडकतो, म्हणून हे एक वाक्य कागदपत्रात नसते तर चालले नसते.

क्रमाचे वचन देणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते न देणेही. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावाच्या सुधारित आवृत्तीत हॅशमॅप नावाचा साठा आला. त्याच्या कागदपत्रात स्वच्छ लिहिले आहे की क्रमाची कोणतीही हमी नाही. आज दिसेल तो उद्या टिकेल अशीसुद्धा नाही. फेरी चालू असताना कोणी साठ्यात ढवळाढवळ केली तर इटरेटर लगेच ओरडून थांबायचा प्रयत्न करील, पण त्या ओरडण्याचीही खात्री धरू नका, असेही त्यात आहे. इतके प्रांजळ लिखाण सरकारी कागदांत सापडत नाही. तरी माणसे दिसेल त्या क्रमावर विसंबतातच. गो भाषेने २०१२ मध्ये यावर कडू औषध काढले: तिच्या मॅप या साठ्यावरची फेरी मुद्दामच दर खेपेला वेगळ्या जागेवरून सुरू होते, म्हणजे कोणाला सवय लागायलाच नको. पायथनचा प्रवास याच्या उलट झाला. त्याच्या डिक्शनरी या साठ्याची अंतर्गत मांडणी २०१६ मध्ये बदलली आणि वस्तू ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने बाहेर येऊ लागल्या. आधी हा केवळ आतल्या बांधणीचा तपशील आहे, विसंबू नका, असे सांगितले गेले. पण लोकांनी तो क्रम धरलाच, आणि २०१८ च्या ३.७ आवृत्तीत ते भाषेचे अधिकृत वचन झाले. वागणूक आधी, कागद मागून. शार्ङ्गदेवाकडे हा घोळ होऊच शकत नव्हता, कारण त्याच्याकडे कागदाखेरीज यंत्र नव्हते. नियम लिहिला तीच वागणूक.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा एखादा विद्यार्थी आज मोबाइलवर किंवा कॉलेजच्या संगणकावर पायथन शिकतो, तेव्हा त्याची गाठ कधी ना कधी ‘इटरटूल्स’ या विभागाशी पडते. २००३ मध्ये रेमंड हेटिंगर यांच्या हातून तो पायथनमध्ये आला आणि २००८ मध्ये त्यात क्रमबदलांचा इटरेटर दाखल झाला. त्याचे कागदपत्र दोन गोष्टी ठासून सांगते. ओळी निघतील त्या दिलेल्या वस्तूंच्या क्रमानुसार, शब्दकोशासारख्या. आणि वस्तू वेगळी की सारखी हे ठरेल तिच्या जागेवरून, मोलावरून नव्हे. दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा की ४, ८, ५, ५, ५ दिले तर पायथन १२० ओळी देतो. भास्कराचार्य २० म्हणतात, सी प्लस प्लस २० म्हणते, पायथन १२०. तिघेही बरोबर आहेत, कारण प्रत्येकाने आपण काय मोजतो ते आधी सांगितलेले आहे. मुलाचा प्रोग्राम चुकला तर तो हे वाक्य न वाचल्याने चुकतो, आणि ते वाक्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला लायब्ररीचे एकेक फंक्शन मराठीतून उलगडून सांगणारे नीटस लिखाण आज फारच थोडे आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वी टीकाकारांनी जे केले, तेवढे तरी आपण करायला हवे.

एक उणीव मात्र पायथनची. त्याच्या स्टँडर्ड लायब्ररीतला हा इटरेटर फक्त प्रस्तार जाणतो. तीन हजारावी ओळ हवी तर आधीच्या २९९९ ओळी एकेक करून टाकून द्याव्या लागतात. नष्ट आणि उद्दिष्ट हवे असेल तर ‘मोअर इटरटूल्स’ नावाची वेगळी लायब्ररी उतरवून घ्यावी लागते. तिथे ‘एन्थ परम्युटेशन’ क्रमांकावरून ओळ देते आणि ‘परम्युटेशन इंडेक्स’ ओळीवरून क्रमांक. देवगिरीच्या पोथीत हे तिन्ही एकत्र होते.

दोन्हींचा मेळ घालून पाहायचा असेल तर अवघड नाही. पायथनचा शेवटचा स्वर भराभर बदलतो, देवगिरीचा पहिला. म्हणून स्वर उलटे द्यायचे, ‘नी ध प म ग रे सा’, आणि निघालेली ओळ पुन्हा उलटी वाचायची. शिवाय पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून तीन हजारावीसाठी २९९९ मागायचे. यंत्र ‘ग नी सा रे म प ध’ देते, आणि उलटून वाचले की खडे ठेवून काढलेलीच तान येते.